लक्षात न ठेवणारं बटण

खिडक्यांची शटरं विजेवर करून द्यायला आलेल्या मोटरवाल्यानं स्वयंपाकघरातल्या खिडकीशेजारची भिंतीतली झाकणी स्क्रू फिरवून काढली, आत गुंडाळून बसलेला शटर ओढायचा पट्टा हातभर बाहेर ओढला आणि उजेडात धरून म्हणाला, "काकू, तुमची शटरं कधी पूर्ण उघडतच नाहीत वाटतं?"

ती ओट्यापाशी चहा गाळत होती. वळून बघितलं तर त्याच्या हातातला पट्टा दोन रंगांचा होता. वरचा, रोज डोळ्यांसमोर लोंबणारा, विटून करडा झालेला. आणि आतून निघालेला गर्द हिरवा, आजच दुकानातून आणल्यासारखा. दोन्हींच्या मधे रेघ होती, कुणी पट्टी ठेवून मारावी तशी. मोटरवाला असल्या गोष्टींवर खूश होणारा माणूस दिसत होता. त्यानं ती रेघ अंगठ्यानं चोळून दाखवली. "हे उन्हाचं काम बघा. शटर वर गेलं की पट्टा भिंतीत जातो. जेवढा बाहेर राहतो तेवढा विटतो. म्हणजे दिवसा तुमचं शटर एवढंच वर यायचं आणि थांबायचं. रोज. बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही." मग तो बाहेरच्या खोलीत गेला, तिथली झाकणी काढली आणि तिथून ओरडला, "इथं पण आहे हो! पण इथली रेघ वेगळ्या जागी! काका, तुम्ही काय टेप घेऊन खिडक्या उघडायचात?"

नवरा दारात उभा होता. ऑपरेशन झालेला उजवा खांदा चौकटीला लागू नये म्हणून थोडा तिरका. तो हसला नाही. म्हणाला, "तीच खूण धर. रेघ आहे तिथंच थांबायला हवं प्रत्येक."

ती गाळणी कपावर तशीच धरून राहिली. चहा केव्हाच गळून गेला होता.

नवऱ्याची उभी हयात लिफ्टच्या दुरुस्तीत गेली होती. लिफ्टची फरशी मजल्याच्या फरशीशी बरोबर जुळली पाहिजे, अर्धं बोट वर राहिली तरी म्हातारी माणसं ठेचकाळतात, हे तो जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर, कुठंही सांगू शकत असे. त्यामुळे घरातली शटरं कुठं थांबतात याबद्दल तो काटेकोर होता याचं तिला कधी नवल वाटलं नव्हतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा दोघांचेही केस पांढरे व्हायला लागले होते. पहिल्या सकाळी ती त्याच्या आधी उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि नव्या घरात नव्या माणसानं करावं तसं शटर खडखडत अगदी वरपर्यंत नेलं. तो मागून आला. तिच्या हातातून पट्टा घेतला, शटर खाली आणलं, ओट्याच्या वर जरासं अंतर ठेवून थांबवलं, आणि पाणी प्यायला गेला. तिला वाटलं, ऊन नको असेल. मग वाटलं, रस्त्यावरून आत दिसू नये म्हणून असेल. नव्या बायकोला जपणारा नवरा. हे दुसरं तिला आवडलं होतं. आवडलं होतं म्हणूनच ती त्या दिवसापासून शटर तिथंच थांबवत आली. या वर्षी त्याचा खांदा निकामी झाल्यावर तर सगळ्याच खिडक्या तिच्याकडे आल्या, आणि पट्टा ओढता ओढता ठरलेल्या ठिकाणी हात आपोआप जड व्हायचा. पट्टाच तिथं अडतो, ती शेजारणीला सांगायची. जुना झालाय, अडतो.

पट्टा अडत नव्हता. तिचा हात अडत होता, आणि तो हात तिचा नव्हता.

मोटरवाल्यानं जेवणाच्या टेबलावर एक फळी ठेवली. फळीवर निरनिराळी बटणं बसवलेली होती आणि एका टोकाला खेळण्यातलं वाटावं असं इवलंसं शटर. तो एकेक दाबून दाखवू लागला, आणि ते इवलंसं शटर गुणगुणत वर-खाली होऊ लागलं. एक रिमोट होता, सगळ्या घराला मिळून एक. एक दाराजवळचं बटण, बाहेर जाताना एकदा दाबलं की सगळं घर डोळे मिटणार. एक घड्याळावर चालणारं. एक उन्हावर चालणारं, त्याला गच्चीच्या कडेला छोटी वाटी बसवायची, ऊन तापलं की आपलं आपण खाली. एक मोबाइलवरचं. आणि फळीच्या कोपऱ्यात एक साधं, वर-खाली बाण असलेलं पांढरं बटण, ज्याच्याबद्दल तो काहीच बोलला नाही.

"आणि ही खरी गंमत," तो रिमोटच्या मधल्या बटणावर टिचकी मारत म्हणाला. "मोटरला एक जागा शिकवता येते. पूर्ण वर नाही, पूर्ण खाली नाही, मधली. एकदा शिकवली की हे बटण दाबायचं, आणि शटर जिथं असेल तिथून त्या जागी जाऊन उभं. प्रत्येक खिडकीची वेगळी ठेवता येते. आम्ही तिला आवडीची जागा म्हणतो."

"कुणाच्या आवडीची?" तिनं विचारलं.

मोटरवाल्याला हा विनोद वाटला. "घरातल्यांच्या, काकू. माझ्या नाही."

"आयुष्यभर लक्षात राहतं?" नवऱ्यानं विचारलं.

"वीज गेली तरी राहतं. मोटर आहे तोवर राहतं."

नवऱ्यानं डाव्या हातानं रिमोट उचलला आणि उलटसुलट करून बघितला. लिफ्टच्या केबिनमधलं पॅनेल बघताना तो असाच बघायचा म्हणे. ती कधी त्याच्या कामावर गेली नव्हती. त्याचा चेहरा सैल झाला होता. खांदा गेल्यापासून कपाळावर ओढल्यासारखी बसलेली आठी नाहीशी झाली होती. या चेहऱ्याची तिला चीड आली. आपण रोज त्याचा खांदा शेकतो, सदऱ्याची बटणं लावून देतो, तेव्हा हा चेहरा कुठं असतो?

संध्याकाळी लेकीचा फोन आला. लेक म्हणजे त्याची. हिला ती पहिल्यापासून मावशी म्हणते. दुसऱ्या गावात असते, नोकरी करते, आणि फोनवर नेहमी घाईत असते.

"मावशी, मोबाइलवरचं घ्या. मी सकाळी इथून उघडत जाईन. बाबांना उठायची गरज नाही."

"आमचं घर तू तिथून उघडणार?"

"त्यात काय? आणि बाबांनी दिवसभरात एकदा तरी बटण दाबलं की मला इथं कळेल, सगळं ठीक आहे म्हणून."

"आणि मी दाबलं तर?"

"तू दाबलंस तरी कळेलच की. पण कुणी दाबलं ते नाही कळत."

ती हसली. लेकही हसली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हसलो ते दात आवळून.

ती या घरात येण्याआधी नवऱ्यानं भिंतीवरचा पहिल्या बायकोचा फोटो काढून ठेवला होता. भिंतीला खिळाही ठेवला नव्हता. भोक बुजवून वर रंग लावलेला. तेव्हा ती मनात म्हणाली होती, हा माणूस समजूतदार आहे. तरी पहिलं वर्षभर तो कामावर गेला की ती घर धुंडाळायची. कपाटांच्या वरचे खण, डब्यांच्या मागचे डबे, गादीच्या खोळी. एखादी पिन, एखादा रुमाल, साबणाच्या डबीत अडकलेला केस. काही म्हणता काही सापडलं नाही. थोरलीनं जाताना घर झाडून पुसून दिलं होतं जणू. तेव्हा तिला वाटलं की आपण जिंकलो. मग तिनं पडदे बदलले, भांडी बदलली, बाहेरच्या खोलीत सोफा आणला. सोफा ठेवताना फरशीवर चार खळगे दिसले, कॉटच्या पायांचे, खूप दिवस एका जागी राहिलेल्या कॉटचे. त्यावर तिनं सोफा ओढला आणि विषय संपवला. ज्याला त्याला सांगायची, मी मत्सर करणारी बाई नाही. आणि हे सगळं चालू असताना थोरली खिडक्यांशी उभी होती, त्या रेघांमधे. रोज सकाळी तिला उघडत होता तो, आणि खांदा गेल्यावर तर सगळीकडं उघडत होती ही स्वतः, स्वतःच्या हातांनी, पट्टा जुना झालाय असं म्हणत.

दुसऱ्या दिवशी कामावर तिला हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. ती एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत होती, तळघरात, चादरींवर. चादर दोघींनी धरायची, झटकायची, कोपऱ्याला कोपरा जुळवत एकमेकींकडे चालत जायचं, आणि मधोमध भेटून घडी दुसरीच्या हातात द्यायची. इतकी वर्षं एकाच जोडीदारणीबरोबर हे केल्यावर बोलणं चादरीच्या चालीनंच होतं; लांब असताना ओरडून, जवळ आल्यावर हळू.

"सवतीवर जळतेस?" जोडीदारीण लांबून ओरडली.

"हळू बोल."

"मेलेली ना ती?" ती जवळ आली. "मग बरंच आहे की. जिवंत असती तर अर्धं कपाट द्यावं लागलं असतं."

"चेष्टा सुचते तुला."

"अगं, माझ्या नवऱ्याला मी मेले तर शटर सोड, स्वतःचे मोजे कुठं असतात ते आठवणार नाही. तुझा नवरा आठवण ठेवतो. तू गेलीस की तुझीपण ठेवील."

"कशाची ठेवील?"

जोडीदारीण दुसरी चादर घ्यायला वळली होती. तिनं खांद्यावरून मागे बघितलं आणि चादर झटकली.

हा प्रश्न घरी येईपर्यंत तिच्याबरोबर चालत राहिला. आपली कुठली खूण ठेवली जाईल? पडदे तिनं आणले, पण पडदे कुणीही आणतं. शटर कुठं थांबावं हे तिनं कधी ठरवलं नव्हतं. चादरींचं तिला कळायचं. आलेल्या ढिगातली चादर हातात घेतली की माणूस कुठल्या कुशीवर झोपला, एकटा होता की दोघं, दोघांमधे किती अंतर होतं, हे सुरकुत्यांवरून सांगता यायचं. त्या चादरी ती उकळत्या पाण्यात घालायची आणि सगळ्या एकसारख्या होऊन निघायच्या. पण घरातला पट्टा कुठल्याही पाण्यात घातला तरी तो दोनरंगीच राहणार होता, आणि आता तो निघून जाणार, त्याच्या जागी मोटर येणार, जिला वीज गेली तरी विसरता येत नाही.

घरी नवरा नव्हता, खांद्याच्या व्यायामाला गेला होता. शटरं सकाळी तिनंच थांबवली होती तिथं होती. ती बाहेरच्या खोलीत उभी राहिली. उभ्या माणसाला त्या फटीतून काय दिसतं, हे तिला पाठ होतं. फुटपाथ. बूट, चपला, सँडल, एखाद्या कुत्र्याचे पाय. वर्षानुवर्षं ती हा रस्ता बुटांवरून ओळखत आली होती. टपालवाल्याचा डावा बूट बाहेरच्या बाजूनं झिजतो. समोरच्या घरातल्या बाईनं गेल्या थंडीत लाल बूट घेतले. कुणी हसत गेलं, रडत गेलं, तिला पावलांपलीकडं काही कळायचं नाही. तिनं सोफ्याकडं बघितलं. खाली चार खळगे. सोफ्यावर ती आडवी झाली, अगदी पाहुण्यासारखी, चपला काढून, पाय जोडून. डोकं कुठल्या बाजूला? आधी दाराकडं करून बघितलं, भिंत दिसली. उठली, फिरली, दुसऱ्या बाजूला डोकं ठेवलं.

आणि तिला माणसं दिसली.

तीच फट, पण खालून बघितल्यावर नजर वर जात होती. समोरच्या फुटपाथवरून जाणाऱ्यांचे चेहरे, खांद्यांपासून वर, एकामागून एक त्या फटीतून सरकत होते. लाल बूटवालीला चष्मा होता, तिला माहीत नव्हतं. ती मान न उचलता डावीकडं वळली. छोट्या खोलीचं दार, त्यातून खिडकी, खिडकीच्या फटीत गल्लीचं वळण. लेक लहान असताना शाळेतून त्याच वळणावरून येत असणार. मान आणखी वळवली. स्वयंपाकघराचं दार, ओट्याच्या वरची फट, मागच्या भिंतीचा माथा आणि तिथं ओळीनं बसलेले पक्षी. तिन्ही फटी एकमेकींत न मिसळता, एका नजरेच्या टप्प्यात. झोपल्या जागेवरून जग तीन तुकड्यांत दिसत होतं, आणि एकाही तुकड्यातून ऊन डोळ्यांत येत नव्हतं. कुणीतरी इथं बसून, नाही, इथं डोकं टेकवून, उठून पट्टा ओढला असेल, परत येऊन डोकं टेकवलं असेल, परत उठला असेल. लिफ्टच्या फरशीसारखं जुळेपर्यंत. दिसतं का आता? आता? आणखी जरा वर?

फक्त झोपायच्या खोलीची खिडकी इथून दिसत नव्हती. तिला आठवलं, मोटरवाला तिथली झाकणी काढून म्हणाला होता, इथं रेघ नाही, इथं पट्टा सगळा सारखाच विटलाय, हे शटर कुठंही थांबायचं. तेव्हा ती सुखावली होती. निदान त्या खोलीत थोरली नाही. आता कळलं की त्या खोलीची कुणाला फिकीरच नव्हती. तिथं हीच झोपत होती इतकी वर्षं. शटर कुठं थांबलं तरी चालणाऱ्या खोलीत.

आजारी बाईचा मत्सर करू नये एवढं तिला समजत होतं. ती स्वतःला समजावत होती, अगं, ती बाई इथं मरत होती. तरी छातीत जे पेटलं होतं ते विझेना. उलट त्याला आणखी सरपण मिळालं. आपल्यासाठी कुणी कधी असं उठून-बसून बघितलेलं नाही. आपण धडधाकट होतो, हा आपला दोष. आपण उभ्या होतो, म्हणून आपल्या वाट्याला बूट.

नवरा आला तेव्हा ती तशीच आडवी होती. दारात त्याचे पाय थबकले. तिला आधी पाय दिसले नाहीत; चेहरा दिसला. पांढरा पडलेला. क्षणभर त्याला तिथं दुसरंच कुणी दिसलं होतं, हे तिला स्पष्ट कळलं, आणि ती उठून बसली.

"बरं नाही का?" तो म्हणाला.

"तिला इथून सगळं दिसायचं, नाही?"

तो खुर्चीत बसला. दुखरा हात मांडीवर ठेवला, जसं एखादं मूल ठेवावं. "कंटाळायची झोपून झोपून," तो म्हणाला. "ऊनही सोसायचं नाही. म्हणून मग बघून बघून लावलं."

"आणि नंतर?"

"नंतर काय?"

"ती गेल्यावर. मी आल्यावर. तेव्हा कशाला तिथंच थांबवत होतात?"

तो टाळत नव्हता; उत्तर खरोखरच शोधत होता. "दुसरीकडं कुठं थांबवायचं, ते कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"मला विचारलंत कधी?"

"तू कधी बोलली नाहीस. मला वाटलं, तुला चालतंय."

"मला काही दिसत नाही हो इथून! उभ्या माणसाला नुसते बूट दिसतात. तुमच्या कधी लक्षात आलं?"

तो उठला, खिडकीपाशी गेला, उभ्यानंच फटीतून बाहेर बघितलं. तिला हसू आलं असतं, जर राग नसता. इतकी वर्षं या घरात राहून तो आज पहिल्यांदा उभा राहून त्या खिडकीतून बघत होता. "खरंच की," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. तिला आणखी हवं होतं. चुकलं म्हणावं, नाहीतर भांडावं, नाहीतर सांगावं की तिला विसरणं मला जमत नाही. भांडणाला समोर माणूस लागतो. त्यानं फक्त पट्ट्याला हात घातला, डावा, आणि पट्टा हलेना तेव्हा सोडून दिला.

मोटरवाला परत आला तो मोटरी घेऊनच, आणि ती फळी पुन्हा टेबलावर ठेवून म्हणाला, "काय ठरलं?"

नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं. हे बघणं तिला ओळखीचं नव्हतं, विचारणारं होतं. ती टेबलावरच्या फळीशी गेली आणि कोपऱ्यातल्या पांढऱ्या बटणावर बोट ठेवलं. इवलंसं शटर वर जायला लागलं. बोट उचललं; शटर थांबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा निघालं.

"हे. प्रत्येक खिडकीला."

"काकू, ते कुणी घेत नाही आता. धरून ठेवावं लागतं. सोडलं की थांबतं."

"याला काही शिकवता येतं?"

"नाही ना. तेच तर. याला काही लक्षातच राहत नाही."

"मग हेच."

"रोज बोट दुखेल."

"माझं बोट आहे."

मोटरवाल्यानं मदतीसाठी काकांकडं बघितलं. लिफ्टवाला लिफ्टवाल्यासारखं काहीतरी बोलेल, रिमोटची बाजू घेईल, अशी त्याला आशा असावी. नवरा म्हणाला, "तिला हवंय ते लाव." मग थोड्या वेळानं, भिंतीकडं बघत, "आमच्याकडं लिफ्ट तपासताना असंच बटण असायचं. धरलं तर चालणार. त्यात धोका कमी."

लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा तिथून उत्तर आलं, "म्हणजे मला इथून काहीच कळणार नाही."

"रोज एक फोन कर," ती म्हणाली. "मी उचलीन."

दिवसभर ड्रिलचा आवाज आणि पांढरी धूळ. जुने पट्टे मोटरवाल्यानं काढून एका पिशवीत कोंबले. पिशवी दाराशी ठेवली होती, आणि ती दोनदा त्या पिशवीजवळून गेली, दोनदा तिला वाटलं की नवरा त्यातला एखादा पट्टा काढून घेईल, म्हणून ती कान देऊन होती. त्यानं काढला नाही. मोटरवाला पिशवी घेऊन गेला. तिला हलकं वाटायला हवं होतं. संध्याकाळी शटरं खाली करताना बटण तळापर्यंत धरून ठेवलं. त्यात काही कौशल्य नव्हतं, तळ लागला की मोटर आपण थांबते. अंधार झाला, जेवणं झाली, दोघं झोपली. झोपताना नवरा म्हणाला, "उद्या सकाळी तू स्वयंपाकघरातलं घे, मी बाहेरचं घेतो. डाव्या हातानं जमेल मला आता." कितीतरी महिन्यांनी त्याच्या आवाजात काम मिळाल्याचा आनंद होता. तिनं ठरवलं होतं ते मनात पुन्हा ठरवलं: अगदी वर. खिडकीवरच्या खोक्यात जाऊन आपटेपर्यंत. नुसती मागची भिंत नाही, नुसते पक्षी नाहीत, भिंतीच्या पलीकडं जे काही असेल ते सगळं.

सकाळी ती अनवाणी स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर अजून थोडी पांढरी धूळ होती, ती तिनं तळहातानं पुसली. बटण गार होतं. तिनं वरच्या बाणावर बोट ठेवलं आणि मोटर गुणगुणायला लागली. खालच्या फळ्यांमधे उजेडाच्या बारीक ओळी फुटल्या, मग शटर उचललं आणि उजेड ओट्यावर आला, पुसून राहिलेल्या धुळीवर, पालथ्या घातलेल्या कपांवर. तिचं मन कपांवर गेलं. मोटरवाल्याला दिलेला कप धुवायचा राहिला. मग जोडीदारणीवर गेलं, आज तिला सांगायला हवं, ती म्हणेल, जिंकलीस बाई. बाहेरच्या खोलीतून दुसऱ्या मोटरचा आवाज येत होता, नवऱ्याच्या बोटाखालचा. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले होते, घरात दोन माश्या फिरत असाव्यात तसे. मग त्यातला एक थांबला.

तिला वाटलं, त्याचा थांबला. तिथंच. बघ, थांबवलंच शेवटी, बटणाला लक्षात राहत नाही पण त्याला राहतं.

पण आवाज अजून येत होता, आणि तो बाहेरच्या खोलीतून येत होता. तो थांबला नाही. वर जात राहिला, त्या जागेच्या वर, फळी मागून फळी, आणि शेवटी खोक्यात जाऊन धाडकन लागला. "अगं!" नवरा ओरडला. "सगळं वर गेलं बघ! समोरच्या गच्चीवर कुणीतरी कपडे वाळत घालतंय. आकाश दिसतंय इथून. ये लवकर!"

तिनं समोर बघितलं. शटर ओट्याच्या वर थांबलं होतं. बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही. तिचं बोट बटणापासून उचललेलं, हवेत होतं, आणि ते केव्हा उचललं हे तिला माहीत नव्हतं. पट्टा नव्हता. अडायला काही उरलं नव्हतं. पुन्हा बोट ठेवायचं, एवढंच करायचं होतं. तिनं बोटाला तसं सांगितलंही. बोट ऐकत नव्हतं. त्या फटीतून स्वयंपाकघरात जो उजेड येत होता तो तिच्या ओळखीचा होता, दुसऱ्या कुठल्याही उजेडात तिनं इथं कधी चहा केला नव्हता. आणि त्यानं तर सोडून दिलं होतं. इतक्या सहज, एका सकाळीत, डाव्या हातानं. जिच्यासाठी उठून-बसून बघितलं होतं तिला सोडून दिलं होतं, मग आपल्याला किती वेळात सोडील? हा प्रश्न तिला आवडला नाही, पण आला.

नवरा दारात आला. हसतच आला होता. त्यानं शटर बघितलं, मग तिचा हात बघितला, आणि हसू हळूहळू उतरलं. "अडलं का?" त्यानं विचारलं. "बघू, मी करतो."

"अडलं नाही. डोळ्यांवर ऊन येतं," ती म्हणाली.

त्या खिडकीला सकाळी ऊन कधीच येत नसे. त्याला ते माहीत होतं, तिलाही होतं. तो दोन पावलं पुढं आला आणि त्यानं डावा हात बटणाकडं नेला, हळूच, तिला मदत करायच्या हेतूनं.

तिनं बटणावर तळवा ठेवला.

"हात लावू नका," ती म्हणाली. "हे माझं आहे."